माथ्यावरून उतरलेली चुंबळ

मी एक जुनी चुंबळ आहे. मित्रांनो, डोक्यावर ओझे घेताना बाया त्याच्याखाली कापडाचे जे कडे ठेवतात, ते मी. भोवती गोल आणि मध्ये पोकळ. माझी गोष्ट सांगताना मला राग येणार आहे आणि तो मी लपवणार नाही. गोष्टीत एका दुखण्याचे नाव येईल. त्याचे हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढे अडचण नको.

माझा जन्म मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर एकोणीसशे छप्पन साली झाला. दुर्गा लग्न होऊन तिथल्या एका घरी आली ती आईचे एक विरलेले लुगडे घेऊन. त्या लुगड्याच्या पट्ट्या तिने फाडल्या, आत नारळाच्या सोडणाचा मऊ काथ्या भरला आणि पीळ देऊन घट्ट गुंडाळले. तेव्हापासून रोज सकाळी मी तिच्या माथ्यावर आणि माझ्यावर मासळीची पाटी, असा आमचा प्रवास सुरू झाला. पाटीतून खारे पाणी गळायचे ते मी प्यायचे. दोन वर्षांत मी मिठाने ताठ झाले, पण आकार सोडला नाही. बाजारातल्या बाया मला हातात घेऊन बघत. "कशी गो ही केलंस? माका पण एक करून दी," म्हणत. मला अभिमान वाटे. माथ्यावर बसणाऱ्याला अभिमान लवकर चढतो.

अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात दुर्गाला मुलगी झाली. दोन दिवस वेणा चालल्या होत्या. गंगू सुईण तिला सारखी "जोर कर, जोर कर" म्हणत होती. मूल सुखरूप आले, घरात साखर वाटली गेली. दुर्गा मात्र नीट बसू शकत नव्हती.

बाळंतिणीच्या खोलीत तिची सासू अक्का हिचे राज्य होते. कोरडा भात, वर मिरी, भाजलेली लसूण. पालेभाजी नाही, फळ नाही. पाणी मागितले की अक्का म्हणायची, "पाणी नको, पोट सुटतला. ओठ भिजय फक्त." अशा जेवणाने पोट दगडासारखे होणार नाही तर काय होणार? पाचव्या दिवशी दुर्गा परसात जाऊन आली ती भिंत धरून. कपड्यावर ताजे लाल रक्त होते. गुदाशी गाठी आल्या होत्या आणि त्यांची आग होत होती. तिने गंगूला हळूच सांगितले. गंगू म्हणाली, "पयल्या बाळंतपणात असाच होता. गप ऱ्हव. बायलमाणसान ह्या तोंडातसून काढूचा नसता."

दुर्गा गप्प राहिली. पण मूल गप्प राहत नाही, त्याला दूध लागते आणि दूध पाजायला बसावे लागते. एकदा खोलीत कोणी नसताना तिने मला खुंटीवरून काढले, जमिनीवर ठेवले आणि अलगद माझ्यावर बसली. दुखणारा भाग माझ्या पोकळीवर आला. तिने रोखून धरलेला श्वास सोडला आणि मुलीला छातीशी घेतले. खरे सांगते, पहिल्या क्षणी मला अपमान वाटला. मग ती पाच दिवसांत पहिल्यांदा सरळ बसलेली पाहिली आणि माझी मलाच लाज वाटली.

याच घरात आणखी एका माणसाला हेच दुखणे होते. दुर्गाचे सासरे, नाना. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांचे ते म्होरके. त्यांच्या दुखण्याला मात्र नाव होते, मूळव्याध, आणि ते नाव ओटीवर मोठ्याने घेतले जाई. येणारा-जाणारा विचारी, "नानानू, मुळव्याध कशी आसा?" नाना लोडाला टेकून सांगत, "काल आग आग होय होती. सुरणान बरो गुण इलो." त्यांच्यासाठी शेजारच्या गणपतकडून ताक येई. खाजू नये म्हणून सुरण चिंचेच्या पाण्यात उकडला जाई. संध्याकाळी पसरट घमेल्यात कोमट पाणी भरले जाई आणि नाना त्यात बसले की घरातल्यांनी आवाज करायचा नाही. एक भिंत मध्ये. अलीकडे सुरण, ताक आणि कोमट पाणी, पलीकडे कोरडा भात आणि ओले ओठ. भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्वयंपाक एकाच बाईचा, अक्काचा.

एक दिवस अक्का अचानक खोलीत आली. मला पाहून तिचा चेहराच बदलला.

"ह्या काय गो दुर्गा? माथ्यावरची चुंबळ बुडाखाली? जिच्यार लक्ष्मी बसता, तिच्यार तू बसतंस?"

"अक्का, माका बसाक येणा नाय. चेडवाक पाजू कशी?"

"आमी काय पोरां पाजूक नाय? बायलमाणूस सोसता. आमी सोसलंव ना?"

असे म्हणून तिने मला दारातून बाहेर भिरकावले. 'आमी सोसलंव' म्हणताना तिचा आवाज जरा कापला होता. मी उडत होते तरी मला तो ऐकू आला. दुर्गालाही आला असणार. पण काय सोसले, असे तिने विचारले नाही. मीही पुढे ते विसरले.

सव्वा महिना झाल्यावर मला गोमूत्र शिंपडून शुद्ध केले आणि दुर्गा पुन्हा बाजारात निघाली. तिचे रक्त जातच होते. मासळी विकायची म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत जमिनीवर बसायचे. तिने पाटी उतरवली, सगळ्यांदेखत मला खाली ठेवले आणि माझ्यावर बसली. बायांना आयते सापडले.

"सावंतवाडीच्या राणीसारखी गादीयेर बसलंस गो!"

"आता पंखो हालवूक कोण येतला?"

दुर्गाने पाटीतली मासळी मांडायला घेतली. शेजारी विमला बसायची, तीन मुलांची आई, तोंडाने फटकळ. ती हसत नव्हती. पाटीतल्या बांगड्यांवरच्या माशा हाकत तिने खालच्या आवाजात विचारले, "मुळव्याध मां गो?"

दुर्गाच्या डोळ्यांत पाणी आले. विमला म्हणाली, "माका धाकट्याच्या येळेपासून आसा. अकरा वर्सा झाली. त्या सावित्रीक पण आसतली. ती बघ, कशी बसलीसा."

तेव्हा मी पहिल्यांदा त्या रांगेकडे नीट पाहिले. नऊ जणी होत्या. त्यांतल्या पाच जणी एका मांडीवर भार देऊन, वाकड्या बसल्या होत्या. गिऱ्हाइके म्हणत, मासळीवाल्यांचा बसण्याचा तोरा बघा! मित्रांनो, तो तोरा नव्हता. वर्षानुवर्षे त्या एकमेकींना चिकटून बसत होत्या. एकीने दुसरीला सांगितले नव्हते.

दवाखान्यातली नर्सबाई मासळी घ्यायला आली, तेव्हा विमलाने तिचा पदरच धरला. "बाय, मासळी मगे घे. आधी हिका बघ." नर्सबाई तिथेच उकिडवी बसली आणि दुर्गाचे सगळे ऐकून साध्या शब्दांत बोलली.

"भरपूर पाणी पी. अंगावर पाजतेस, तर जास्तच पी. भाजी खा, ताक घे. परसात जोर करू नकोस, फार वेळ बसूही नकोस. दिवसातून दोनदा कोमट पाण्यात दहा मिनिटं बस. आणि रक्त थांबलं नाही तर दवाखान्यात ये. लाजून घरी बसशील तर मी दांडीवर येऊन तुला घेऊन जाईन."

त्या दुपारी ओटीवर नानांकडे सदानंद मास्तर आले होते. नेहमीप्रमाणे नानांच्या मूळव्याधीची चौकशी झाली आणि नेहमीप्रमाणे नानांनी लांबण लावली. दुर्गा नानांच्या ताटासाठी सुरणाची भाजी घेऊन आली. मी तिच्या कमरेला खोचलेली होते. ती उंबऱ्यात थांबली.

"नानानू, माका पण मुळव्याध आसा," ती म्हणाली. "चेडू झाला तेवापासून. ह्या सुरणातला निम्मा मी खातलंय."

मास्तर घाईघाईने चष्मा पुसू लागले. नाना म्हणाले, "बायलमाणसाक खंयची मुळव्याध? ती पुरसांची. बसान धंदो करणाऱ्यांची."

"आणि मी काय उभ्यान मासळी विकतंय?"

मास्तरांना हसू फुटले. ते त्यांनी खोकल्यात लपवले. दुर्गाने तिथेच, नानांच्या डोळ्यांसमोर, अर्धी भाजी दुसऱ्या ताटात काढली आणि आत गेली. चुलीपुढे अक्का उभी होती. तिने ताटाकडे पाहिले आणि तोंड फिरवले.

पुढे दुर्गाने कोणाला विचारले नाही. कट्टा गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईला ती बांगडे देई आणि बदल्यात सुरण घेई. बसायला तिने एक जुने घमेले घासून घेतले. दोन-तीन महिन्यांत रक्त थांबले आणि आग कमी झाली. मग तिने रांगेतल्या बायांसाठी चुंबळी वळल्या, प्रत्येकीला दोन. एक डोक्यावर, एक खाली. बाया सरळ बसू लागल्या. गिऱ्हाइके म्हणाली, मासळीवाल्या माजल्या. म्हणू देत.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला रागाने काही सांगितले नसते.

अक्का कधी बसत नसे. भाजी उभ्याने चिरायची, चहा उभ्याने प्यायची, पंगतीला सगळ्यांना वाढून आपण चुलीपाशी उकिडवी दोन घास खायची. लोक तिचे कौतुक करत: "अक्का या वयातही कशी चपळ, कधी बसलेली दिसत नाही!" दुर्गाही कौतुक करी. मी भिंतीवरून ऐकत असे आणि मलाही ते खरे वाटे. बाजारातल्या पाच जणींचे बसणे ज्यांनी ओळखले होते, त्या आम्हाला घरातल्या एकीचे न बसणे ओळखता आले नाही.

चौसष्ट सालच्या चैत्रात अक्का चुलीपाशी कोसळली. तिचे ओठ मेणासारखे पांढरे झाले होते. डॉक्टर आले. "अंगात रक्तच नाही. कुठून जातंय का?" त्यांनी विचारले. अक्का म्हणाली, "खंयसून नाय." नानांनी दारातून री ओढली, "ती कधी आजारीच पडूक नाय." आठव्या दिवशी अक्का गेली.

तिला शेवटची आंघोळ दुर्गाने आणि विमलाने घातली. लुगड्याच्या आत कापडाच्या घड्यांवर घड्या होत्या, आणि त्या कशाने भिजल्या होत्या ते दोघींना तत्काळ कळले. सात बाळंतपणे झालेली बाई होती ती. नेसवायला लुगडे काढावे म्हणून दुर्गाने अक्काचे गाठोडे सोडले, तर तळाशी एक चुंबळ होती. मी तिला जवळून पाहिले. तिला मिठाचा डाग नव्हता, मासळीचा वास नव्हता. ती कधी कोणाच्या माथ्यावर गेलीच नव्हती. पुन्हा पुन्हा धुऊन पांढरी पडलेली आणि बसून बसून चपटी झालेली होती.

दुर्गा ती घेऊन ओटीवर गेली. पुरुषमंडळी जमली होती. नाना सांगत होते, "शेवटपर्यंत उभी होती. कोणाकडसून सेवा करून घेवक नाय." दुर्गाने चुंबळ त्यांच्यापुढे ठेवली.

"ही अक्काची. हिच्यार ती लपान बसा होती. तुमका जा होता, ताच तिका होता. तुमच्या आधीपासून."

नानांनी चुंबळ हातात घेतली आणि परत खाली ठेवली. मग म्हणाले, "ह्या आता कित्याक सांगतंस?"

"तेवा कोणी इचारूक नाय म्हणान," दुर्गा म्हणाली. "मी पण नाय." आणि तिथेच, इतक्या पुरुषांत, ती मोठ्याने रडली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी 'मला जपा' अशी विनवणी करतात. मी करणार नाही. मला चुलीत घातले तरी चालेल. तुमच्या घरात कोणी बाळंतीण असेल तर तिला पोटभर पाणी द्या, आणि तिच्या दुखण्याचे नाव मोठ्याने घेऊ द्या. आणि जी बाई कधी बसलेली दिसत नाही, तिचे कौतुक करू नका. तिला विचारा, तुला बसायला दुखते का? ती म्हणेल, काय नाय. ती असेच म्हणणार, कारण तिला तेच शिकवले आहे. तुम्ही पुन्हा विचारा.