नऊ नंबरचा वाफा

"खरं सांगा फवारेमामा, नऊ नंबरवर चुकून लाल पंप मारलात ना?"

मॅडमनी विचारलं आणि मामांना कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. लाल पंपात पानांवर फवारायचं पातळ खत, पांढऱ्या पंपात नुसतं पाणी. वीस वर्षं या संशोधन केंद्रात त्यांनी दोन्ही पंप पाठीवर वागवले होते. खरं नाव आता फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं, इतके ते फवारेमामा झाले होते.

"पाय घसरेल मॅडम, पण पंप चुकायचा नाही. बायकोची शपथ!"

शपथ घेऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बायको जाऊन दीड वर्ष झालं. आता शपथ खोटी ठरली तरी तिचं काय बिघडणार होतं?

प्रयोग घेवड्यावर होता. बारा वाफे. चारांना पूर्ण खत, चारांना निम्मं, चारांना नुसतं पाणी; नऊ नंबर पाण्यातला. शेंगा किती वाढतात ते बघायचं आणि पानांवर राहणाऱ्या बारीक जंतूंचं काय होतं तेही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मामांना हसू फुटलं होतं. "पानावरसुद्धा भाडेकरू असतात होय?" निम्म्या खताने शेंगा चांगल्या वाढल्या. पूर्ण खताने त्याहून फारशा वाढल्या नाहीत, पण भाडेकरूंनी मात्र घरं सोडली. जे थोडक्यात भागतं ते जास्त ओतून बिघडवू नये, असं मामांची बायको भाजीतल्या मिठाबद्दल म्हणायची.

मॅडमनी काचेची बशी पुढे केली. तिच्यातल्या मऊ थरावर पान दाबून उचललं, की दोन दिवसांनी पानाच्या आकारात ठिपके उगवतात. या बशीत पान उमटलं होतंच, पण मधोमध पिवळसर ठिपक्यांचा एक वेगळाच पुंजका होता.

"मला वाटलं, खतामुळे काही बदललंय. पण तपासलं तर हे पानावरचे नाहीतच. माणसाच्या कातडीवरचे आहेत. पाण्याच्या बाकी तीन वाफ्यांत यातलं काही नाही. फक्त नऊमध्ये."

मामांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. चोराच्या मनात चांदणं.

"मी तिथे डबा खातो," ते हळूच म्हणाले. "बांधावर बसून. आठ वाफ्यांना खत मिळतं, याच्या नशिबी नुसतं पाणी. म्हणून जाता-जाता पानांवरून हात फिरवतो."

"रोज?"

"रोज. घरी कुणाच्या हाताला हात लागत नाही हो. मुलगा फोन करतो रविवारी. फोनला काय हात लावायचा!"

मॅडम रागावणार होत्या. राग आलाही होता, कारण या वाफ्याची हंगामभराची मोजणी फुकट गेली होती. पण त्यांनी नुसतीच बशी झाकली.

"नऊ नंबर बाद करावा लागेल, मामा. उरलेल्या तीनवर भागवू. उद्या सकाळी उपटून टाका."

"मीच?"

"तुम्हीच. आणि इथून पुढे बाकीच्या वाफ्यांत हातमोजे."

मामांनी रबरी हातमोज्यांची नवी जोडी घेतली. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"बाद म्हणजे, नऊ आता प्रयोगात नाही?"

"नाही."

"मग आज हात लावला तर चालेल?"

मॅडमनी वहीत डोकं घातलं. "चालेल," त्या म्हणाल्या.

मामांनी हातमोजे खिशात कोंबले. नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि ते नऊ नंबरच्या वाफ्यात उतरले. चाळीस रोपं होती. पहिल्या रोपापाशी ते उकिडवे बसले. केंद्र सुटल्याची घंटा झाली, सायकली फाटकाबाहेर पडल्या. मामा तेव्हा सातव्या रोपापाशी होते. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती.