गोडबाबांचं तीर्थ

सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. गोडबाबांनी भुशाच्या शिजवलेल्या लगद्यावर तीर्थ शिंपडलं, मंत्र पुटपुटला आणि हंडी उबदार पेटीत कुलूपबंद केली. संध्याकाळी कुलूप निघालं, तर लगद्याचं गोड पाणी झालेलं!

"भुशाला नमवलं, तिथे तुमच्या मधुमेहाची काय बिशाद! गोळ्या फेका, हे प्या!" बाबा गरजले.

गर्दीत ताईची आईही होती. तिने गोळ्या फेकल्या. ताईला हे कळलं ते आई बेशुद्ध पडल्यावर. दवाखान्यात ताईने आईच्या पिशवीतली बाटली उघडून हुंगली आणि ती चरकली. ओलसर, बुरशीचा तो वास तिच्या रोजच्या कामातला होता. तिच्या कारखान्यात बुरशीपासून एन्झाइम काढत, त्याने भुशाची साखर करत आणि त्या साखरेपासून इंधन.

तिथलं कोठार धाकट्या भावाकडे होतं. तिनेच शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं.

"बाबाला एन्झाइम तू पुरवतोस?"

भावाने मान खाली घातली. "इथे मी नुसता ताईचा भाऊ. तिथे लोक मला वाट करून देतात गं."

"आणि आईला हे कोणी आणून दिलं?"

"मीच. तिने मागितलं... गोड पाण्याने काय होतंय, वाटलं."

ताईला वाटलं, परक्याने फसवलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

आई सावरल्यावर ताई भर सभेत उभी राहिली. "बाबा, दोन हंड्या लावू. एकीत तुमचं तीर्थ उकळून घाला आणि हवा तेवढा मंत्र म्हणा. दुसरीत न उकळता, बिनमंत्राचं."

"देवाची परीक्षा घेतेस?"

"मंत्र काय उकळल्याने बिघडतो?"

हशा पिकला. बाबांना माघार घेता येईना.

संध्याकाळी मंत्राची हंडी तशीच बेचव. बिनमंत्राची गोड.

"उकळल्याने तीर्थ रुसलं!" बाबा ओरडले.

"रुसलं नाही, निकामी झालं," ताई म्हणाली. "भुशात साखरेचे कण साखळीसारखे जखडलेले असतात. तीर्थातलं बुरशीचं एन्झाइम ती साखळी तोडतं. त्याला ऊब लागते, भक्त लागत नाहीत. आणि सुटते ती खरीच साखर. मधुमेह्याला तीच पाजतायत हे!"

"पण यांना ते मिळालं कुठून?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

ताईने भावाकडे पाहिलं. तो बाबांच्या आड सरकला.

"माझ्या सख्ख्या भावाकडून," ती म्हणाली. "आईने त्याच्या हातून घेतलं, म्हणून काही विचारलं नाही. तुम्ही विचारा. देणारा कितीही जवळचा असला, तरी विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका."