लाल कापडाचा बांबू

डोळे मिटा बरं जरा. डिलाईल रोडवरची एक चाळ डोळ्यांपुढे आणा. तीन मजले, मधे चौक आणि चौकात कमरेइतकं गढूळ पाणी. त्यात कुणाची चप्पल तरंगते आहे, कुणाची उशी. तळमजल्यावरची माणसं वरच्या बिऱ्हाडांत शिरली आहेत आणि कुणी कुणाला नाही म्हटलेलं नाही. दिसली चाळ? आता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दहा वर्षांची मनवा उभी करा.

या चाळीची एक जुनी रीत होती. पाणी चढलं की ते लवकर ओसरावं म्हणून जाईबाई चौकातल्या गटाराचं झाकण पहारीनं उघडायची. उघड्या तोंडात बांबू रोवायची, वर लाल कापड बांधायची. लाल कापड दिसलं की तिथं पाऊल टाकायचं नाही, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जाईबाई तळमजल्यावर एकटी राहायची आणि वरच्या घरांतल्या पोळ्या लाटायची.

यंदाही तिनं बांबू रोवला आणि खोलीतलं सामान वाचवायला गेली. वर गॅलरीत मंडळाच्या मोठ्या टोपात खिचडी चढली होती. पाऊस आत येत होता आणि ताडपत्रीला आधार नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष शामराव म्हणाले, "कुठूनतरी बांबू पैदा करा रे. आणील त्याला पहिली ताटली."

मनवा जिना उतरली. पाण्याबाहेरच्या शेवटच्या पायरीवरून हात लांबवला की बांबू हाताशी येत होता. कापड तिला दिसलं, त्याचा अर्थही कळला. घटकाभर तर नेतेय, असं मनाशी म्हणत तिनं बांबू उपसला. कुणी ओरडू नये म्हणून कापड सोडून पाण्यात टाकलं.

"वाघीण आहे," शामरावांनी पाठ थोपटली आणि बांबू ताडपत्रीखाली उभा करून सुतळीनं बांधला.

तिची ताटली संपायच्या आत खालून किंकाळी आली. चाळीतल्या म्हाताऱ्यांसाठी दूध आणायला निघालेला तरुण उन्मेष गटारात गेला होता. पाच जणांनी हातांची साखळी करून त्याला ओढून काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं. दाराच्या फळीवर घालून त्याला इस्पितळात नेलं.

शामरावांनी जाईबाईला विचारलं, "बांबू कुठाय?"

"रोवला होता, भाऊ. माझ्या हातानं."

"मग काय गटारानं खाल्ला?"

लोक हसले. मनवाच्या आईनं, कांतानं, आधी ताडपत्रीकडे पाहिलं, मग लेकीच्या ओल्या फ्रॉककडे, आणि मग तीही हसली. डोक्यावर उभा असलेला बांबू बाकी कुणी पाहिला नाही, की पाहून पाहिला नाही, देव जाणे.

ठरलं. जाईबाईला कुणी घरात घ्यायचं नाही, तिची ताटली मांडायची नाही. चाळ एवढी एकजुटीची कधीच नव्हती. दोन दिवस जाईबाई जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून राहिली. तिच्या हातच्या पोळ्या खाल्लेली माणसं कपडे सावरत तिच्या बाजूनं जायची. "म्हातारे, सरक," पोरं म्हणायची.

"आई, बांबू मी..."

"ठाऊक आहे. जेव."

"पण जाईबाई उपाशी आहे."

"तिचं कोण आहे? आपल्याला इथं राहायचंय."

तिसऱ्या दिवशी मनवा जिन्यावरून जाताना जाईबाईनं तिचा हात धरला. "चेडवा, तू तरी बघलंस मां माझो बांबू?"

मनवानं मान हलवली. नाही.

"बरं," जाईबाई म्हणाली आणि तिनं मनवाच्या कपाळावरची ओली बट मागे सारली.

दुपारी पंगत बसली. वर ताडपत्रीचं पोट पावसाच्या पाण्यानं फुगलं होतं. शामरावांनी हाक मारली, "ये वाघिणी, पहिली तुझी."

मनवा उठली. ताटली न घेता ती बांबूची सुतळी सोडू लागली.

"अगं ए, सगळं खाली येईल."

"मनवा," कांता हळूच म्हणाली. फक्त एवढंच.

ओली गाठ नखांनी सुटेना, तेव्हा मनवानं ती दातांनी सोडली. ताडपत्री टोपावर कोसळली, शेगडी विझली, अख्ख्या चाळीचं जेवण पाण्यात गेलं. मनवानं मागं पाहिलं नाही. बांबू खांद्यावर टाकून ती चौथ्या पायरीपर्यंत उतरली आणि वर कठड्याशी गोळा झालेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जाईबाई, हा मी काढला होता."