माझा नंबर आणि डेल्मरचं नाव

मी एक जुनी शिकारी बंदूक आहे. मित्रांनो, घाबरू नका. माझ्यात गोळी नाही, आणि आपण होऊन काही करणं मला कधीच जमलेलं नाही. सध्या मी पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावाच्या पोलीस ठाण्यात, सामानाच्या खोलीत, प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहे.

कारखान्यात एक पोलादी कांब आतून कोरून माझी नळी झाली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसला. सगळ्यात शेवटी माझ्या डाव्या अंगावर एक नंबर ठोकला गेला. हुबेहूब माझ्यासारख्या पुष्कळ बंदुका होत्या, पण तो नंबर माझा एकटीचा होता.

वांडाच्या दुकानात खिळे, बर्फ ओढायची फावडी आणि बंदुका मिळत. तिथून मला ऑरिन बेअर्डने घेतलं. कायद्याप्रमाणे वांडाने आपल्या वहीत माझा नंबर लिहिला आणि पुढे ऑरिनचं नाव. पुढे ऑरिनची नजर अधू झाली. त्याने मला कुंपणावरून शेजारच्या डेल्मर स्ट्रॉसरच्या हातात दिलं आणि बदल्यात त्याची लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी घेतली. कागद झाला नाही. शिकारी बंदूक शेजाऱ्याला द्यायला तिथे कागद लागत नाही.

डेल्मरकडची वर्षं माझी सुखाची. हरणांचा हंगाम आला की तो मला तेल लावी. त्याच्या मुलीने, नोरीनने, बाराव्या वर्षी पहिलं हरीण टिपलं ते माझ्याच साथीने. "हिच्या हातात बंदूक कशी शहाण्यासारखी वागते बघा!" असं डेल्मर गावभर सांगत सुटला. त्या थंडीत घरातला फ्रीज मांसाने भरलेला होता.

एकदा तो मला नवा पट्टा लावायला दुकानात घेऊन गेला. तिथे नेहमीचा वाद रंगला.

"वांडा, ही तुझी वही म्हणजे सरकारी नोंदणीच. फक्त तुझ्या फळीवर ठेवलीय."

"काहीतरीच! वही माझी, कुलूप माझं. सरकार एका नंबरचं विचारतं, मी एका नंबरचं सांगते. अख्खी यादी कुणाला देते का मी?"

"आणि दुकान बंद केलंस की? सगळ्या वह्या कुठे जातात?"

"सरकारकडे जातात. पण तिथे नाव टाकून शोधायला कायद्याने बंदी आहे. बसतात बिचारे पानं उलटत."

"आज बंदी आहे. उद्या?"

"उद्या मी मेलेली असेन. पट्टा घेतोस, की नुसतं भाषणच देतोस?"

मला दोघांचंही पटत होतं. घरी आल्यावर नोरीन म्हणाली, "पप्पा, निदान आपल्या ड्रॉवरमध्ये तरी नंबर लिहून ठेवा."

"लिहिलं की यादी झाली, पोरी. आणि यादी कधी ना कधी कुणाच्या तरी हाती लागतेच."

पुढे डेल्मरचे गुडघे गेले, रानात जाणं थांबलं. मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. कुलूप नाही, तेल नाही; नळीला गंज धरला. येत्या हंगामात मला नोरीनला द्यायचं त्याने पक्कं केलं होतं. पण त्याआधीच, घरातले सगळे चर्चच्या जेवणाला गेले असताना चोराने दार फोडलं.

चोराने माझा अक्रोडाचा दस्ता काढून काळा प्लास्टिकचा लावला. पट्टा फेकून दिला. माझी म्हणून एकच खूण उरली, तो नंबर. पोलिसांना मी एका गाडीच्या डिकीत सापडले. नंबरावरून ते कारखान्यापर्यंत गेले, तिथून वांडाच्या वहीपर्यंत. वहीत नाव होतं ऑरिन बेअर्ड. ऑरिन वारला होता. त्याच्या दूरच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, "मला घरात बंदूक नको. मोडून टाका."

मी सापडल्याची बातमी कळली तेव्हा डेल्मर आणि नोरीन ठाण्यात आले. मार्था कोवाल नावाची पोलीस अधिकारी मला घेऊन बाहेर आली.

"हीच," डेल्मर म्हणाला. "नळीच्या टोकाशी बघा, जरा पांढुरकी झालीय."

"डेल्मर, अशा जुन्या नळ्या मी रोज बघते. नंबर सांगा."

डेल्मरला तो ठाऊक नव्हता. नोरीनने एक फोटो पुढे केला. त्यात ती, तिचं हरीण आणि मी. मार्थाने भिंग घेऊन बघितलं. फोटोत माझं उजवं अंग होतं; नंबर डाव्यावर.

"दुसरा काही कागद? दुरुस्तीची पावती?"

"नाही," नोरीन म्हणाली.

"वांडा माझ्या बाजूने बोलेल," डेल्मर म्हणाला.

"पट्टा लावून दिला, एवढंच ती सांगेल. कुठल्या बंदुकीला, ते कसं सांगणार?" मार्थाचा आवाज उतरला. "तुम्ही त्या वहीला नोंदणी म्हणायचात ना? खरंच नोंदणी असती, तर आज तुमचं नाव निघालं असतं."

नोरीनने बापाकडे बघितलं. "पप्पा, आता तरी म्हणा, असायला हवी होती."

"नाही म्हणणार," डेल्मर म्हणाला. "पण आपल्या ड्रॉवरमध्ये हवा होता. तेवढं तुझं ऐकायला हवं होतं."

मित्रांनो, सरकारने काय लिहावं, यावर मोठी माणसं भांडत राहतील. ते कोडं मला सुटण्यासारखं नाही. पण माझ्यासारखी धोक्याची वस्तू घरात असेल, तर मोठ्यांना सांगा, तिला कुलपात ठेवा. आणि जे आपलं आहे त्याची खूण आपल्यापाशी ठेवा. वस्तूला मालक ओळखता येतो, पण सांगता येत नाही.

सोमवारी मला कापायला नेणार आहेत. मार्थाने कागद भरताना माझा नंबर मोठ्याने वाचला. डेल्मरने तो पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकला. काठी टेकत दाराकडे जाताना तो आकडे पुटपुटत होता, पुन्हा पुन्हा, पाठ करत असल्यासारखा. शेवटून दुसरा आकडा तो दर वेळी चुकत होता.