सातव्या मजल्यावरचा नळ

धोंडू प्लंबरनं सातव्या मजल्यावर ग्रिलमधून हात घालून दार बडवलं, तेव्हा माणिक आतून दाराला टेकूनच उभा होता. जिन्यातली बोंबाबोंब तो सकाळपासून ऐकत होता.

"काकानू, किचनचा नळ सोडा, लायनीत सगळ्यात वरचा तुमचाच. लायनीत हवा धरलीय. टाकी फुल आहे, पण थेंब खाली उतरत नाय."

"काल व्हॉल्व कोणी बदलला?"

"मीच."

"मग भोग आता."

दाराला बाहेरून कुलूप होतं. मुलगा निलेश आणि सून श्रुतिका ऑफिसला निघताना रोज लावायचे. गेल्या महिन्यात म्हातारा कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरला, तो संध्याकाळी पार भांडुपला एका सायकलच्या दुकानात बसलेला सापडला. तेव्हापासून चावी समोरच्या शर्मिष्ठाकडे आणि माणिक आत. अख्खा जन्म गिरणीच्या बॉयलरवर पाईप जोडण्यात गेलेला माणूस, आता दुपारभर खिडकीच्या गजांना तेल लावत बसायचा.

"खालच्या घरांतले नळ कसे आहेत रे?" त्यानं विचारलं.

"उघडे. पाणी आलं की कळायला नको?"

"तिथंच वाट लागली. अरे झिला, सगळी बिल्डिंग नळ उघडे टाकून बसली तर लाइन खालनं हवाच ओढणार ना! आधी सगळे बंद करायला लाव. बाथरूमची लाइन चालू आहे. त्या नळाला रबरी पाईप लावायचा नि किचनच्या नळात उलटं पाणी मारायचं. हवा वर टाकीत निघून जाते."

"मग मारा ना!"

"आधी दार उघड."

बाहेर कुजबुज झाली. मग सोसायटीच्या सेक्रेटरीचा, चंद्रप्रकाशचा आवाज आला. "काका, निलेशनं बजावलंय हो. त्याचा फोनपण लागत नाय."

"मग बसा कोरडे. दार उघडायचं, आणि संध्याकाळपर्यंत कुलूप लावायचं नाय. निलेश येईल तेव्हा मी घरातच बसलेला दिसेन. मग त्याला काय ते बोलू दे."

"ब्लॅकमेल करता काय?"

"हो."

शर्मिष्ठा फिसकन हसली, आणि तिनंच चावी फिरवली.

पुढचा अर्धा तास माणिकचा होता. धोंडूला पळवून त्यानं मजल्यामजल्यावरचे नळ बंद करून घेतले. पाईपच्या तोंडाला फडकं गुंडाळलं, दोन्ही हातांनी नळावर आवळून धरलं. भिंतीत गुडगुड झाली, वर गच्चीत काहीतरी धडधडलं. त्यानं पाईप काढला. नळ दोनदा खोकला, लालसर थुंकला, आणि मग जी धार लागली! खालून बादल्यांचे आवाज आले. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"काकानू, मानलं तुम्हाला," धोंडू म्हणाला. माणिकनं नुसती मान हलवली, पण कान लाल झाले होते.

सगळे पांगले. दार उघडं राहिलं. थोड्या वेळानं माणिकला ओट्यावर धोंडूचा पाना दिसला. तो घेऊन तो जिन्यानं खाली उतरला, गेटवर धोंडूच्या हातात दिला, वर दोन शिव्या दिल्या आणि परत फिरला. गुडघे कुरकुरत होते, पण छाती पुढं होती. वर आला, दार ढकललं, खुर्चीत टेकला.

"श्रुतिका, चहा टाक गं."

आतून ओले हात पुसत एक बाई बाहेर आली. ती श्रुतिका नव्हती.

"काका? तुमचं घर वर ना?"

माणिकनं भिंतीकडं बघितलं. टीव्ही, शोकेस, खिडकी, सगळं जागच्या जागी होतं. फोटोतली माणसं तेवढी दुसरीच होती. बाईचं नाव ओठांवर येत होतं आणि परत जात होतं.

"नळ बघायला आलो," तो म्हणाला. "धार बरोबर आहे ना?"

"एकदम झकास! या ना."

त्यानं किचनमध्ये जाऊन नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. 

"वर सोडायला येऊ, काका?"

"जिना माहितीय मला."

कठड्याला धरून, एकेक पायरी तोंडानं मोजत तो वर गेला. समोरची बेल वाजवली. शर्मिष्ठा बाहेर आली.

"काय काका, परत पाणी गेलं?"

"कुलूप लाव."

"अहो, तुम्हीच तर एवढं भांडलात! संध्याकाळपर्यंत..."

"लाव गं."

 ती चावी आणायला आत गेली. माणिक आपल्या घरात शिरला, आणि दार त्यानं स्वतःच ओढून घेतलं. बाहेर कुलूप लागल्याचा आवाज झाला.

नवा जोड तपासावा तसं त्यानं आतून दार दोनदा खेचून बघितलं.

पक्कं बसलं होतं.