राहू की निघू

"मोठा हो रे, पाशा हो रे, घोड्यावरती स्वार,
तुझ्या नावानं उघडेल रे सुलतानाचं दार..."

आईचा तो सूर बेहजेत पाशांना अजून ऐकू यायचा. त्यांच्या डोंगरातल्या गावात प्रत्येक आई लेकाला पाशा करूनच निजवायची. बिचारीला काय ठाऊक, त्या दाराआड काय असतं! गार झालेली कॉफी असते, आणि शब्दांचा काथ्याकूट.

उभी जवानी तोफखान्यात गेली, एक कान तोफेनं खाल्ला, तेव्हा कुठे ते मुख्य वजीर झाले. राज्याचा शिक्का रेशमी पिशवीत छातीशी आला आणि तेव्हापासून सरळ बोलणं सुटलं.

काराबेल किल्ल्याला शत्रूनं तीन बाजूंनी वेढलं होतं. उरली होती एक खिंड, तीही बर्फानं भरत चालली होती. किल्लेदार झेकेरिया बे, पाशांच्याच हाताखाली वाढलेला. त्याची तार आली होती, 'धान्य संपलं. राहू की निघू?'

"'माघार' हा शब्द हुजुरांच्या कानी पडायचा नाही," राजवाड्याचे सरचिटणीस फेरीदून बे म्हणाले. त्यांनी उत्तर धाडलं, 'सुलतानांच्या छायेत तुमच्या शौर्याचा वृक्ष बहरो.'

झेकेरियाची तार आली, 'बहरला. राहू की निघू?'

पाशांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. मग दोघांनी डोकी लढवली आणि दुसरं उत्तर गेलं, 'सैन्यानं आरोग्यदायी समुद्रवाऱ्याचा लाभ घ्यावा.' म्हणजे खिंडीतून किनारा गाठा. शिक्का पाशांनीच उठवला.

आज त्यावरची तार हातात होती.

'समुद्र इथून चार मजलांवर. वारा मात्र आहे. हुकमाप्रमाणे आजारी माणसांना बुरुजावर वाऱ्याला बसवलं. सात जण गारठून गेले. बाकीच्यांनाही बसवू का? राहू की निघू?'

"मूर्खच आहे हा किल्लेदार!" फेरीदून बे चरफडले. "एवढं साधं कळू नये?"

"मूर्ख तो नाही, फेरीदून बे."

"बरं, आता असं लिहू या. 'वसंताच्या स्वागतासाठी सैन्यानं...'"

"पुरे!" पाशांनी कॉफीचा पेला असा सारला की तबक खणखणलं. "किती नटवाल त्या कागदाला? नवरी आहे का ती? लिहा. किल्ला सोड. सगळी माणसं घेऊन खिंडीतून किनाऱ्याला निघ. आजच."

"पाशासाहेब, सूर्य मावळायच्या आत हुजूर शिक्का परत मागतील."

"मागू देत. मानेला ओझंच झालंय त्याचं. लिहिताय, की मी लिहू?"

सरचिटणीसांची लेखणी कुरकुरत चालली. पाशांनी शिक्का दाबला आणि तारवाला समोरून कागद घेऊन जाईपर्यंत ते उभेच राहिले. मग बाहेर तारयंत्र टकटकू लागलं.

फेरीदून बेंनी कपाळाचा घाम टिपला. "आणि हुजुरांना काय सांगू? पायदळ फेरफटक्याला निघालंय म्हणू?"

पाशा खिडकीशी गेले. खाली बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत परदेशी गलबतं आपल्याच बापाचं पाणी असल्यासारखी चालली होती.

"मीच सांगतो," ते म्हणाले. "आपण हरलो, फेरीदून बे. आज नाही, गेल्या हिवाळ्यातच. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही."