मळक्या कोपऱ्यांची शिफारस

"मी आता सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमची काळजी वाटेल. या वाचनालयात बत्तीस वर्षं मी पुस्तकांची नि सिनेमांची शिफारस केली. त्यातलं शंभरात एकही धड वाचलं किंवा पाहिलं नव्हतं!"

"हे मात्र पटलं," निवृत्त पोस्टमन म्हणाले.

"मध्ये तोंड घालू नका."

वाचनकक्षात आम्ही चौघंच होतो: मी, पोस्टमन, शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि माझ्या जुन्या टेबलामागे बसलेली नवी ग्रंथपाल. बोलावलं होतं तिनंच. 'जुन्या ग्रंथपालांची आवड' असं एक कपाट तिला मांडायचं होतं आणि त्यातल्या प्रत्येक पुस्तकात माझ्या हातची चिठ्ठी हवी होती. पोरगी अबोल, मनगटावर जुनं, सैलसर पुरुषी घड्याळ. तिनं पहिली कोरी चिठ्ठी पुढ्यात सरकवली आणि माझा हातच चालेना. हात अडला की माझी जीभ सुटते, हे काही आजचं नाही.

"मग शिफारस करायचात तरी कशी?" मावशींनी विचारलं.

"कोपरे बघून. चाळीस पानांपर्यंत मळकं आणि पुढे कोरं करकरीत, तर समजायचं लोकांनी माघार घेतली. शेवटपर्यंत मळकं, तर डोळे मिटून न्या. सिनेमांच्या तबकड्यांचंही तेच. जितके ओरखडे, तितका सिनेमा लाडका."

"तुम्ही दिलेली एक तबकडी माझ्याकडे चाललीच नव्हती," पोस्टमन म्हणाले.

"बघा, म्हणजे केवढा लाडका असेल! आणि प्रत्येक चिठ्ठीवर माझी एकच ओळ: 'मी स्वतः अनुभवलंय, निर्धास्त न्या.' खाली झोकदार सही."

इथपर्यंत सगळे हसले. मग मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांवर आलो. यायचं नव्हतं, पण आलो.

"चौकापलीकडे त्यांचं दुकान. बायको अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी दुकान बंद करून ते तिला एक प्रकरण वाचून दाखवायचे. तिची अट एकच, शेवट गोड हवा; कडू औषधं तेवढी पुरे झाली म्हणायची. एकदा त्यांनी एक जाडजूड कादंबरी आणून माझ्यापुढे धरली. 'साहेब, शेवट गोड आहे ना?' मी कोपरे पाहिले. शेवटची अकरा पानं तर इतकी मळलेली, की कागद फडक्यासारखा मऊ. म्हटलं, 'साखर आहे, साखर! मी स्वतः वाचलंय.' किती खूश होऊन गेले हो ते. दारातून पुन्हा वळून हात हलवला.

"पंधरा दिवसांनी त्याच कादंबरीची दुसरी प्रत शिवायला निघाली. सुटलेली पानं लावता लावता मी वाचायला लागलो. शेवटी नायिका मरते. आजारी असते नि मरते, नवऱ्याच्या हातात हात देऊन. ती पानं गोडीनं नव्हती मळली. लोकांनी डोळे पुसून त्याच ओल्या बोटांनी उलटली होती."

मी चष्मा काढून पुसला.

"अहो, मग गेलात की नाही त्यांच्याकडे?" मावशी पुढे सरसावल्या. "सांगायचं ना, शेवटचं तेवढं वाचू नका म्हणून!"

"चार मिनिटांची वाट होती," मी म्हणालो. "पण सांगणार काय? की मी थापाड्या आहे?"

"जायचं तरी होतं."

"गेलो ना!" मी ताठ बसलो. "म्हणजे आधी दुपारच्या सुट्टीत इथल्या टाइपरायटरवर नवीन शेवट लिहून काढला. अकरा पानं! चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केली. मग त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, पुस्तकाची शिवण उसवलीय, तासाभरात नीट करून देतो. जुनी पानं कापली, नवी चिकटवली. नायिका खडखडीत बरी! आणि काय सांगू, आठवडा नाही झाला तोच त्या बाई स्वतःच्या पायांनी चालत इथे हजर. अंगावर हिरवी शाल. पुस्तक याच टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, 'असा शेवट मी जन्मात ऐकला नव्हता.'"

मावशींनी डोळ्याला पदर लावला. पोस्टमन माझ्याकडे रोखून बघत होते. मी समोरची चिठ्ठी ओढली. आता लिहिता येईलसं वाटलं.

"आई नव्हती आली, काका," नवी ग्रंथपाल म्हणाली. तिनं मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं. "पुस्तक परत द्यायला मी आले होते. एकही पान चिकटवलेलं नव्हतं. तुम्ही मान वर न करता शिक्का मारलात, आतली तुमची चिठ्ठी काढलीत आणि खिशात घातलीत."